कॅल्शियम ११.४, पीटीएच १४८: आईचं ऑपरेशन करावं का?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आई ५४ वर्षांची, दारव्ह्याजवळच्या गावात राहते. दोनदा मुतखडा झाला, हाडं दुखतात. कॅल्शियम ११.४, पीटीएच (मानेतल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन) १४८, डी जीवनसत्त्व ११. डॉक्टर म्हणतात डी कमी म्हणून पीटीएच वाढलं. गावात सगळे बोअरच्या पाण्यावर ढकलतात. मानेच्या स्कॅनमध्ये या ग्रंथींवर गाठ दिसली नाही, म्हणून ऑपरेशनचा विषय तुम्ही सोडून दिला. मी डॉक्टर नाही, पण बायकोच्या याच दुखण्यापायी नागपूरच्या चकरा मारल्या आहेत.

डी कमी असलं की पीटीएच वाढतं, हे खरंच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या पाण्यानंही हाडं धरतात, पीटीएच वाढू शकतं. पण तेव्हा कॅल्शियम बहुधा कमी नाहीतर नॉर्मल असतं. रक्तात कॅल्शियम चढलं की पीटीएच खाली बसायला हवं. इथं दोन्ही वर आहेत, म्हणजे संशय पॅराथायरॉइड ग्रंथीवरच जातो. या कॅल्शियमला पीटीएच ५०-६० आलं असतं तरी ते जास्तच धरलं असतं. बहुतेकांत चारपैकी एकाच ग्रंथीला गाठ असते, आणि ती सहसा कॅन्सरची नसते.

तरी एका रिपोर्टवर जाऊ नका. कॅल्शियम पुन्हा करा, सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची तपासणी). रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला की कॅल्शियम उगाच वाढीव येतं. पीटीएचसाठी जांभळ्या झाकणाची नळी चांगली. साध्या नळीतलं रक्त आपल्या मे महिन्यात एसटीनं नागपूरला जाईपर्यंत आकडा घसरतो. कॅल्शियमला मात्र ती जांभळी नळी चालत नाही. आई बीपीची क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी किंवा लिथियम घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

मग २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. हे टाळू नका. घराण्यात चालत आलेला एक प्रकार असतो, त्यात रक्तात कॅल्शियम जास्त पण लघवीत फारच कमी जातं, आणि त्याला ऑपरेशन लागत नाही. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी डब्यात. वावरात जायच्या दिवशी हे जमत नाही, मधली एक जरी सुटली तरी रिपोर्ट वाया. डी इतकं कमी असताना लघवीतलं कॅल्शियमही कमी दिसू शकतं, म्हणून हा रिपोर्ट एंडोक्रायनॉलॉजिस्टनं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरनं, वाचलेला बरा.

आणि स्कॅन. निदान रक्तावर होतं. स्कॅन फक्त सर्जनला गाठ कुठं आहे ते दाखवायला. तो कोरा आला म्हणजे रोग नाही असं होत नाही, सराईत सर्जन चारही ग्रंथी उघडून पाहतो. म्हणून सर्जनला सरळ विचारा, या ग्रंथीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? मुतखडा हे एकच कारण ऑपरेशनला पुरेसं धरतात. हाडांची डेक्सा (घनता मोजायची) तपासणी करताना मनगटाकडच्या हाडाचीही करायला सांगा, या रोगात ते आधी झिजतं. सिनाकॅलसेटची गोळी कॅल्शियम उतरवते, हाडं सुधारत नाही. ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्यासाठी ती.

तोवर कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, बहुधा थांबवतील. दूध-ज्वारी तोडू नका. डी हळूहळू भरायचं, मधेमधे कॅल्शियम तपासत. ६०,००० ची पुडी मनानं दर आठवड्याला नको. उन्हाळ्यात पाणी भरपूर. उलट्या, गुंगी, सारखी तहान-लघवी दिसली तर थेट दवाखाना.

ऑपरेशननंतर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं: भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, तेव्हा त्याच गोळ्या पुन्हा लागतात. बरं झालं असं सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम नॉर्मल असेल तरच म्हणतात.