जुन्या हार्ड डिस्क जोडल्या आणि संगणक सुरूच होईना

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीचा पुनर्विकास होणार असल्याने घर रिकामे करताना माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांच्या दोन जुन्या हार्ड डिस्क सापडल्या. एकीला रुंद, चपटी केबल लागते आणि दुसरीला अरुंद, लाल. वडील चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचे हिशेब, अहवाल आणि स्मरणिकांचा मजकूर ते संगणकावरच टाइप करत आणि आता तो मला हवा आहे. माझा डेस्कटॉप साधारण २०१० सालचा असून त्यावर विंडोज १० आहे. सीपीयू उघडून चपट्या केबलची डिस्क मी डीव्हीडी रायटरच्या केबलवरच्या मधल्या मोकळ्या प्लगला जोडली आणि दुसरी तिच्या लाल केबलला लावली, तर संगणक मदरबोर्डच्या बोधचिन्हावरच अडकून बसला. चपट्या केबलची डिस्क काढल्यावर काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढेच उमटले. दोन्ही काढल्यावर सारे पूर्ववत झाले. दुरुस्ती करणारे गृहस्थ एसएमपीएस, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणारा डबा, बदला म्हणतात. नेमके काय बिघडले आहे? आणि या डिस्क पुढे सीपीयूतच ठेवल्या तर चालतील का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपण संगणक कुठे अडकला हे नेमके लिहिलेत, त्यामुळे निदान निम्मे झाले आहे. ‘सुरू होत नाही’ या तीन शब्दांखाली अगदी वेगवेगळे बिघाड मोडतात. बटण दाबल्यावर पंखाच न फिरणे, पंखा फिरून बोधचिन्हापाशी थांबणे आणि बोधचिन्ह ओलांडून काळ्या पडद्यावर संदेश येणे, या प्रत्येक वेळी दोष शोधण्याची जागा निराळी असते. आपल्याकडे दुसरा आणि तिसरा प्रकार एकापाठोपाठ घडला आहे. म्हणजे हे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि त्यांपैकी एकही एसएमपीएसचा असावा असे मला वाटत नाही.

आधी बोधचिन्हाचे पाहू. चपटी केबल ही आयडीई पद्धतीची. एका केबलवर दोन उपकरणे बसतात, पण त्यांतले एक ‘मास्टर’ आणि दुसरे ‘स्लेव्ह’ असावेच लागते. ती ओळख सहसा केबल ठरवत नाही, उपकरणाच्या मागच्या बाजूला बसवलेला जंपर ठरवतो; जंपर ‘केबल सिलेक्ट’वर असेल तरच ती केबलवरच्या जागेवरून ठरते. डिस्क उलटी धरून केबलचा प्लग आणि विजेचा प्लग यांच्या मधल्या जागेत टॉर्चचा झोत टाकलात, तर पिनांच्या दोन छोट्या ओळी आणि त्यांतल्या एका जोडीवर तुरीच्या डाळीएवढी प्लास्टिकची टोपी दिसेल. तोच जंपर. वडिलांच्या संगणकात ही डिस्क एकटी किंवा मुख्य असणार, म्हणजे ती मास्टर. आपला डीव्हीडी रायटरही बहुधा मास्टरच असणार. सुरुवातीला बायोस, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डावरचा प्रोग्राम, त्या केबलवर हाक मारते तेव्हा दोघेही एकदम ‘ओ’ देतात आणि बायोस कोणाचे ऐकावे या पेचात तिथेच थांबून राहते.

यावर सोपा उपाय म्हणजे डीव्हीडी रायटर काही काळापुरता केबलवरून काढून ठेवणे आणि डिस्क एकटीच केबलच्या टोकाच्या प्लगला लावणे. ८० बारीक तारांच्या केबलला सहसा निळा प्लग मदरबोर्डसाठी, काळा टोकाचा प्लग मास्टरसाठी आणि मधला करडा स्लेव्हसाठी असतो. जंपरच्या जागांचा नकाशा बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. भुवया कोरायच्या चिमट्याने जंपर अलगद निघतो. एक मेख मात्र लक्षात ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या काही जुन्या डिस्कवर ‘मास्टर’ आणि ‘सिंगल’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. अशी डिस्क एकटीच असताना जंपर ‘मास्टर’वर राहिला, तर ती नसलेल्या सोबत्याची वाट पाहत बसते आणि बायोसला दिसतच नाही.

आता ‘एनटीएलडीआर’. हा संदेश भीतीदायक वाटला तरी त्याने आपल्या विंडोज १० विषयी काहीही वाईट सांगितलेले नाही. संगणक चालू होताना बायोस ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे जेमतेम ५१२ बाइट, वाचते आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे का एवढेच पाहते. खूण सापडली की पुढचा कारभार त्या डिस्ककडे सोपवला जातो, मग तिच्यावर चालण्याजोगी विंडोज असो वा नसो. वडिलांच्या दुसऱ्या डिस्कवर ही खूण शाबूत आहे. तिथून सुरू झालेला छोटासा प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या काळातली एनटीएलडीआर नावाची फाइल शोधतो, ती सापडत नाही आणि तो तसे सांगून थांबतो. ती फाइल आणि बाकीची एक्सपी जागेवर असती, तर एक्सपीचे चिन्ह क्षणभर दिसून बहुधा निळा पडदा आला असता, कारण ती विंडोज दुसऱ्याच मदरबोर्डासाठी बसवलेली होती.

थोडक्यात, आपली स्वतःची डिस्क रांगेत मागे गेली आहे. नवी डिस्क दिसली की कित्येक बायोस तिला न विचारता पुढे नेऊन बसवतात. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये गेल्यावर अनेकांची फसगत होते ती अशी की तिथे बऱ्याचदा दोन याद्या असतात. पहिल्या यादीत ‘आधी डीव्हीडी की आधी हार्ड डिस्क’ हे ठरते आणि दुसऱ्या, बाजूला दडलेल्या यादीत ‘हार्ड डिस्कांपैकी आधी कोणती’ हे ठरते. लोक पहिली बदलतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून वैतागतात. आपल्याला दुसरी हवी आहे. तिच्यात रोजच्या डिस्कचे नाव सर्वांत वर आणून बदल जतन करावा.

बायोसमध्ये असताना एवढेच करावे. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून परत बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नका. सेल काढल्याने बायोसच्या सगळ्या नोंदी मूळपदावर जातात आणि त्यांत साटाची, म्हणजे अरुंद केबलच्या डिस्कशी बोलण्याची, पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट गेली, तर आतापर्यंत धडधाकट असलेली विंडोज १० सुद्धा निळा पडदा दाखवू लागेल आणि खापर विनाकारण जुन्या डिस्कवर फुटेल.

एसएमपीएसचा संशय अगदीच निराधार नाही. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर मागते, त्यामुळे थकलेल्या एसएमपीएसवर दोन डिस्क वाढल्याचा भार जाणवू शकतो. पण मग संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू झाला असता. दर वेळी एकाच जागी शिस्तीत अडला नसता. डिस्क जोडताच पंखा किंचित हलून बंद पडला असता, तर डिस्कच्या सर्किटावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झाला आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवत आहे असे मी म्हटले असते. तेव्हाही दोष डिस्कचाच ठरला असता. आपला पंखा फिरत होता, तेव्हा खर्च करू नका.

हे सगळे सांगून झाल्यावर माझे खरे मत सांगतो. एकदाच मजकूर उतरवून घ्यायचा असेल तर या डिस्क सीपीयूत घालूच नयेत. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या भडकमकर मार्गावर, आयडीई आणि साटा दोन्ही डिस्क यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर मागावा. सोबत १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर आहे ना हे दुकानातच पाहून घ्यावे, कारण साडेतीन इंची डिस्क केवळ यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. आधी विंडोज पूर्ण सुरू होऊ द्यावी आणि मगच एका वेळी एक डिस्क जोडावी. बायोसच्या रांगेचा प्रश्नच मग उरत नाही.

विजेचा चार पिनांचा पांढरा प्लग लावताना त्याचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात ते जुळवा. आयडीईची डिस्क जोडताना एकदा घाईत माझ्याच हातून तो प्लग जोर लावून उलटा बसला आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले. जळक्या वासाखेरीज त्या डिस्कमधून काहीही परत मिळाले नाही.

डिस्क जोडल्यावर विंडोज तिला ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असे कदाचित विचारेल. दोन्हींना नकार द्यावा. ‘स्कॅन अँड फिक्स’लाही तूर्त नाहीच म्हणावे, कारण ती दुरुस्ती जुन्या डिस्कवरच लिहिते आणि आपल्याला तिच्यावर एक अक्षरही लिहायचे नाही. घरघर एकसारखी चालू असेल तर आधी मंडळाच्या फाइली उतरवा, छायाचित्रे आणि गाणी नंतर. मात्र टक्-टक् असा ठरावीक ठेक्यातला आवाज आला, तर त्याच क्षणी वीज बंद करा आणि ‘पुन्हा एकदा पाहू’ हा मोह टाळा. त्यापुढचे काम डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचे आहे. माळ्यावर कित्येक पावसाळे काढलेल्या डिस्कबाबत हा धोका खरा आहे. त्याच कारणासाठी त्या कायमच्या सीपीयूत ठेवू नयेत. मजकुराच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करा आणि डिस्क पुन्हा डब्यात ठेवून द्या.

एक गोष्ट आपण विचारली नाहीत, पण लवकरच विचाराल. वडिलांच्या फाइली उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडली असे समजू नका. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधून टाइप केलेला मजकूर त्या-त्या फाँटशिवाय असाच दिसतो. म्हणून फाइलींबरोबरच जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधले ‘फाँट्स’ हे फोल्डरही अख्खे उतरवून घ्या. त्यातला योग्य फाँट आपल्या संगणकावर बसवलात की अहवाल वाचता येतील.