शेठचं काम सोडताना

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तुझ्या प्रेसमधून मिठाईचे खोके छापून घेणाऱ्या त्या शेठचा व्हॉइस मेसेज तू ऐकवलास. पंचिंगवरच्या, म्हणजे खोके कापायच्या मशीनवरच्या तुझ्या माणसाला त्याने काय काय म्हटलं ते ऐकून मलाही झोप लागली नाही. त्याचं काम सोडायचं तू ठरवलंस, ते योग्यच आहे. पास केलेल्या प्रूफवर रात्री दहाला रंग बदलायचा, बिलातून मनाला येईल तेवढे कापायचे, आणि पैशांचं विचारलं की 'पछी जोईशुं', नंतर बघू. तीन वर्षं हे पुष्कळ झालं. महिन्याचं एक तृतीयांश काम त्याचं आहे म्हणून तुझा जीव धास्तावतो, हे मला कळतं. पण त्याच्या रात्रींपायी बाकीच्यांचे खोके उशिरा जातात, हे गेल्या दिवाळीत तूच मला सांगितलं होतंस.

'काका, सांगू कसं?' असं तू विचारलंस. आधी कधी सांगायचं ते बोलू, कारण तिथे मी स्वतः चुकलो होतो. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

मकरपुऱ्याला जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत माझी प्रेस नवी होती. मिठाईचे खोके घेणारा एक मोठा व्यापारी माझ्याकडे होता. दिवाळीला आठ दिवस उरलेले. तो प्रेसमध्ये आला, बिलातले बारा हजार कापणार म्हणाला, आणि वडिलांच्या वयाच्या आमच्या पेस्टिंगवाल्याला, खोके चिकटवणाऱ्याला, सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. मी तिथल्या तिथे सांगितलं, आजपासून तुमचं काम बंद. त्याच्या अकरा डाय, म्हणजे खोके कापायचे सुऱ्या बसवलेले साचे, कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं. पैसे द्या आणि डाय न्या. त्या वेळी मला वाटलं, मी माझ्या माणसाची बाजू घेतली.

त्याने दुसरीकडे नव्या डाय करून घेतल्या. खोके चार दिवस उशिरा मिळाले. ते चार दिवस त्याच्याकडे मिठाई भरणाऱ्या बायका घरी बसून राहिल्या, त्यांची मजुरी बुडाली. त्यांतली एक आमच्याच गल्लीत राहायची. पाडव्याला ती दारात आली, काहीच बोलली नाही, फक्त आमच्या मुलाला फराळ द्यायला आली होती. त्या ताटलीकडे मला बघवेना. पैसे तर गेलेच. मी मागायला गेलो की तो म्हणायचा, तू माझा सीझन घालवलास, त्याचा हिशेब आधी दे. आणि त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. माझा हक्काचा पैसा मीच वादात नेऊन घातला होता.

म्हणून सांगतो, हातात घेतलेलं काम अर्धं टाकू नकोस. आता श्रावण चालू आहे, दिवाळीची ऑर्डर त्याने अजून दिलेली नाही. याच आठवड्यात सांगितलंस तर दुसरी प्रेस शोधायला त्याला पुरेसे दिवस मिळतात. हे आता जमणार नसेल तर मन घट्ट करून दिवाळी काढ आणि लाभपाचमीला, तो नव्या चोपड्या उघडेल तेव्हा सांग. दसरा ते दिवाळी मात्र हा विषय तोंडातून काढू नकोस.

सांगायचं लेखी आणि गुजरातीत. त्याला जी भाषा जवळची, त्या भाषेत निरोप गेला की त्याचा अर्थ फिरवता येत नाही. चार वाक्यं पुरतात: आपण दिलेल्या कामाबद्दल आभार, ३० सप्टेंबरनंतर आम्ही आपलं नवीन काम घेऊ शकणार नाही, हातातली दोन कामं ठरलेल्या दराने आणि तारखेला पूर्ण करून देऊ, आपल्या डाय आणि फाइल्स त्याआधी पोहोचवू. बास. कपात, रात्रीचे फोन, शिवीगाळ, यातलं एक अक्षरही त्यात नको. कारण लिहिलंस की तो त्या कारणावर वाद घालेल, नाहीतर ते दूर करायला निघेल. तसाही त्याचा फोन येईलच. 'बेन, तमे तो घरना माणस छो', भाव वाढवून देतो, असं म्हणेल. तेव्हा तू पाघळशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. 'शेठ, ठरलंय, पत्रात लिहिलंय' एवढंच म्हण आणि दुसऱ्यांदाही तेच म्हण.

पैशांचं पत्र वेगळं. निरोपाच्या पत्रात त्याच्याकडून येणाऱ्या बाकीचा आकडा घालू नकोस. दोन्ही एकत्र गेलं की त्याला वाटतं, पैसे अडले म्हणून ही रुसली आहे, थोडे सोडले की परत येईल. निरोप पोहोचल्यावर चार दिवसांनी खातेउतारा पाठव, आणि बाकी बरोबर असल्याची सही मागून घे. ती सही जपून ठेव. उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.

तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, झालेली आहे, त्यामुळे कायदा तुझ्या बाजूने बराच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर १५ दिवसच. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे तीन महिन्यांनी 'रंग फिका होता' म्हणून कापलेले पैसे तू मागू शकतेस. अशा थकबाकीसाठी सरकारी पोर्टलवर अर्जही करता येतो. पण ते शेवटी. आधी त्याच्या मुनीमजींशी बोल. बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, त्यांना व्याजासकट परत भरावी लागते. शेठ ऐकणार नाही तिथे मुनीमजी ऐकतात, आणि तेही आवाज न चढवता.

आता डाय. बिलात डायचे पैसे लावले आहेत ना? मग त्या त्याच्या आहेत, तुझ्या रॅकवर फक्त ठेवलेल्या. येणं कितीही असो, त्या अडवून धरू नकोस. माझ्या कपाटातल्या त्या अकरा डाय मी कित्येक वर्षांनी बाहेर काढल्या. प्लायवूड फुगलेलं, सुऱ्यांवर लाल गंज, स्पंजाचा हात लावताच भुगा झाला. एकीवर निळ्या मार्करने 'मोहनथाळ, अर्धा किलो' लिहिलेलं तसंच होतं. ज्याच्या हाताचं ते अक्षर, तो आमचा पेस्टिंगवाला तोवर गेला होता. ज्याच्यासाठी मी भांडलो म्हणत होतो, त्याने नंतर मला एकदाच म्हटलं होतं, 'साहेब, त्यांच्या डाय देऊन टाका.' मी ऐकलं नाही.

तू सुऱ्यांना तेलाचा हात फिरव, वर पुठ्ठा बांध, प्रत्येकीवर खोक्याचं नाव आणि माप लिही, आणि छोट्या हत्ती टेम्पोत घालून पाठव. चलनावर एकेक डाय मोजून पोहोच घे. डिझाइनचं थोडं वेगळं आहे. लेखी करून दिलेलं नसेल तर कायद्याने साधारणपणे ते करणाऱ्याचंच राहतं. तरी ज्या डिझाइनचे पैसे त्याने चुकते केले आहेत, त्यांच्या उघड्या, म्हणजे बदल करता येतील अशा, फाइल्स देऊन टाक, हक्कही लिहून दे. त्याच्या मिठाईचा खोका घेऊन तू काय करणार?

बाजारात लोक विचारतील. कागदवाले, लॅमिनेशनवाले सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत बातमी फिरेल. 'आता आमच्याकडे त्यांचं काम नाही' इतकंच सांग. दुसऱ्या प्रेसचं नाव तू सुचवू नकोस. जे तुला सोसलं नाही ते तू दुसऱ्याच्या गळ्यात घालणार नाहीस, हे मला माहीत आहे. आणि पंचिंगवरच्या माणसाला मात्र पत्र जाण्याआधी तू स्वतः सांग. बाहेरून कळायला नको. आपल्यामुळे काम गेलं असं त्याला वाटेल, तेव्हा बाजूला बसवून नीट सांग.

रविवारी सकाळी ये. खातेउतारा आणि डायचं रजिस्टर घेऊन ये. पत्र आपण इथेच लिहू, तुझ्या काकूचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं आहे, ती वाचून देईल. शेव-उसळ मी आणून ठेवतो.

तुझा,
काका