पाळकांचं बर्नआउट: विश्वास कमी झालाय का?

प्रश्न: माझे मिस्टर चर्चचे पाळक आहेत. रविवारी उपदेश छान करतात पण घरी आले की गप्पच, फोन वाजला की चिडतात, मंडळीतल्या कुणाचं नाव काढलं तरी "पुरे गं" म्हणतात. सासूबाई म्हणतात प्रार्थना कमी पडतेय. खरंच तसं असेल का?

उत्तर: नाही हो ताई, मला तरी हे बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाणं, वाटतंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली, सततचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, आणि ते "पुरे गं" म्हणजे दुसरं लक्षण! सासूबाईंना बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची आठवण करून द्या, तो मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने उपदेश नाही केला, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. रविवार हा पाळकांचा कामाचा दिवस, म्हणून सोमवारी पूर्ण सुट्टी आणि फोन सेक्रेटरीकडे, हे पंचकमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत) ठरवूनच घ्या, नाहीतर दफनविधी, हॉस्पिटल, भांडणं सगळं त्यांच्याच गळ्यात. पण झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटतंय म्हणाले तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास फुकट आहे.