जुन्या पीसीत बसवलेल्या जादा डिस्क-कंट्रोलर कार्डावरून डॉस सुरू का होत नाही?

कार्ड नीट बसले असूनही त्याला जोडलेल्या डिस्कवरून डॉस (जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू होत नसेल, तर डिस्कला दोष देण्याआधी कार्डावरचा रॉम (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम कायमचा साठवलेली चिप) तपासावा. संगणक चालू होताना मुख्य बायॉस (मदरबोर्डवरच्या चिपमधला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) मेमरीतल्या सी८००० (हेक्साडेसिमल) पासूनच्या पत्त्यांवर दर २ केबीला ५५ एए ही दोन बाइट्सची खूण शोधतो आणि बाइट्सची बेरीज जुळली तरच त्या रॉमकडे ताबा देतो. त्याच पत्त्यावर नेटवर्क कार्डाचाही रॉम असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळून ही तपासणी फसते; म्हणून जंपर (कार्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) बदलून एकाला डी०००० वर न्यावे. आयबीएमच्या मूळ पीसीत २७ ऑक्टोबर १९८२ च्या आधीचा बायॉस असेल, तर तो हा शोधच घेत नाही. तिथे बायॉसची चिप बदलणे हाच खरा उपाय आहे. मदरबोर्डवरही डिस्क जोडलेली असेल, तर सहसा तिलाच पहिला क्रमांक मिळतो, म्हणून सेटअपमध्ये तिची नोंद काढून पाहावी.