वाचकांचे प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रात्यक्षिकांसाठी तिला उबुंटू (लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली) लागते. घरात लॅपटॉप एकच आहे (विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी) आणि माझ्या दुकानाचे सारे हिशेब त्यावरच आहेत. दोन्ही प्रणाली त्यावर एकत्र नांदतील का, की हिशेबांवर पाणी सोडावे लागेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हिशेबांवर पाणी सोडण्याचे काहीच कारण नाही, दोन्ही प्रणाली सुखाने नांदतील. मात्र उबुंटू टाकण्याआधीची अर्ध्या तासाची तयारी टाळू नका, कारण माहिती गमावण्याचे प्रसंग बहुधा तिथल्या घाईतूनच येतात.

सर्वप्रथम हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते तपासा. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत आधीपासूनच चालू असते, आणि बूटच्या (संगणक सुरू होण्याच्या) मांडणीत बदल झाला की विंडोज ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागते. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती आजच कागदावर उतरवून हिशेबाच्या वहीत ठेवा, कारण तिच्याविना स्वतःच्याच डिस्कपुढे हात टेकावे लागतात.

आता विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून १०० जीबी जागा मोकळी करा आणि ती तशीच रिकामी सोडा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला विसरू नका. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग उबुंटूला ते ड्राइव्ह एक तर उघडता येत नाहीत किंवा नुसते वाचता येतात, आणि त्या अवस्थेत बळेच काही लिहिले तर फायली बिघडू शकतात.

पेन ड्राइव्हवरून उबुंटू बसवताना ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘सगळी डिस्क पुसा’ हे दोन पर्याय जवळजवळ दिसतात, तेव्हा मुलीला म्हणावे, त्या पडद्यावर थांबून प्रत्येक ओळ दोनदा वाच. पुढे लॅपटॉप सुरू करताना ग्रबची (प्रणाली निवडू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) यादी येते आणि हवी ती प्रणाली बाणाच्या कळीने निवडता येते.

विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशिनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) उबुंटू चालवणे हा सोपा मार्ग आहे खरा. पण त्यात ८ जीबी रॅमचे दोन वाटे पडतात आणि दोन्हींची चाल मंदावते. मुलीला नुसत्या टर्मिनलच्या (टाइप करून द्यायच्या) आज्ञा शिकायच्या असतील, तर विंडोजमधील डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) पुरेल. अभ्यासक्रमात कर्नेलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) काम असेल, तर मात्र मी उबुंटूसाठी स्वतंत्र पार्टिशनच (डिस्कचा वेगळा भाग) सुचवीन.

शेवटची गोष्ट तुमच्या दुकानाशी थेट निगडित आहे. मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेनुसार वाचते, तर लिनक्स तेच घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावते. त्यामुळे उबुंटू वापरून मुलगी उठली आणि सकाळी ९ वाजता तुम्ही विंडोज उघडले, तर तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले दिसतील आणि बिलांवरही तीच वेळ छापली जाईल. रात्री बारा ते साडेपाचच्या दरम्यान तर तारीखच आदल्या दिवसाची येईल. उबुंटूच्या टर्मिनलमधून ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा घोळ मिटतो. त्यावेळी उबुंटू एक इशारा दाखवते, पण तो मुख्यतः उन्हाळी वेळेसाठी घड्याळे मागेपुढे करणाऱ्या देशांना लागू आहे. भारतात ती पद्धत नसल्याने तुम्ही निर्धास्तपणे हा बदल करू शकता.