पॉलिअमाइड-पॉलिइथर कोपॉलिमर थंडीतही लवचिक का राहतो?

पेबॅक्ससारखा पदार्थ, म्हणजे पॉलिअमाइडचे कठीण आणि पॉलिइथरचे मऊ खंड एकाच साखळीत जोडलेला कोपॉलिमर, व्हल्कनायझेशन (गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकांना जोडणे) न करताही रबरासारखा वागतो, फ्रीझरमध्ये ठेवला तरी वाकतो आणि तापवल्यावर मात्र सरळ वितळतो, हे कसे, असे आपण विचारले आहे. मी पॉलिमरच्या चाचण्या करतो, म्हणून यंत्रावर जे दिसते तिथूनच सुरुवात करतो.

पेबॅक्सची पातळ पट्टी डीएमए यंत्राच्या (नमुन्याला हलकेच पुन्हा पुन्हा ताण देऊन वेगवेगळ्या तापमानांना त्याचा ताठपणा मोजणारे यंत्र) चिमट्यात धरून द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १०० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली, की ती काचेसारखी ताठ होते आणि तिचा गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, गिगापास्कलच्या घरात जातो. मग तापमान सावकाश वाढवत नेले, की उणे ६० अंशांच्या आसपास टॅन डेल्टाच्या (पदार्थात किती ऊर्जा जिरते याचे माप) आलेखावर ठळक शिखर उमटते आणि गुणांक झपाट्याने घसरतो. तिथे पॉलिइथरचे, बहुधा पॉलिटेट्रामिथिलीन ऑक्साइडचे, मऊ खंड हलू लागलेले असतात. ऑक्सिजनच्या बंधांभोवती साखळीला वळणे सोपे असल्यामुळे त्यांना फारशी उष्णता लागत नाही. त्याच साखळीतले पॉलिअमाइड-१२ चे खंड मात्र हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून स्फटिकात बसलेले असतात. रबरात गंधकाचे दुवे जे काम करतात, तेच येथे हे स्फटिक करतात, फक्त ते उष्णतेने सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात.

प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय संकेत मोजणारी पद्धत) कठीण आणि मऊ खंडांच्या हालचालींचे दोन वेग सरळ वेगळे दिसतात: स्फटिकातील भागाचा संकेत काही दशक मायक्रोसेकंदांत विझतो, तर मऊ भागाचा मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळतो.

खंडांचे प्रमाण बदलले, की उणे ६० अंशांच्या आसपासचे खालचे संक्रमण फारसे सरकत नाही. बदलते ते मधल्या पठाराची (त्या संक्रमणापासून वितळेपर्यंत गुणांकाच्या आलेखाचा जवळजवळ सपाट भाग) उंची आणि वितळणबिंदू. सर्वांत मऊ श्रेणीचा वाकण-गुणांक सुमारे १२ मेगापास्कल असतो आणि ती १३४ अंशांना वितळते. सर्वांत कठीण श्रेणीसाठी हेच आकडे सुमारे ५०० मेगापास्कल आणि १७४ अंश असे आहेत.

आपल्या फ्रीझरच्या निरीक्षणाला मात्र एक पुरवणी जोडावी लागेल. मऊ खंड पुरेसे लांब, म्हणजे साधारण २००० रेणुभाराचे असले, तर त्यांचेही छोटे स्फटिक बनतात आणि ते शून्य ते दहा अंशांच्या आसपास वितळतात. अशा श्रेणीची नळी फ्रीझरमधून काढल्यावर वाकते खरी, पण तासाभराने टेबलावर ती जितकी सैल असते तितकी तेव्हा नसते.