बायपासनंतर बाबांना जिना कधी चढू द्यायचा?

अँजिओप्लास्टी, बायपास किंवा हार्ट अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम वाढवत नेणं, त्यासोबत औषधं, खाणं आणि मन यांची घडी पुन्हा बसवणं, याला कार्डिअ‍ॅक रिहॅब म्हणतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हेच काम करते. या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे: 'आम्ही त्यांना अजिबात हलू देत नाही.' हे मायेपोटी होतं, पण त्यानेच माणूस अधू होतो. म्हणून पहिला प्रश्न जरा सविस्तर घेते.

वडील ६६ वर्षांचे आहेत, चार आठवड्यांपूर्वी बायपास झाली. आम्ही गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून खुर्चीत बसवून वर आणलं, त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत. संडास गॅलरीच्या टोकाला आहे, तिथेही भाऊ धरून नेतो. जिना कधी चढू द्यायचा?

सर्जनने खास मनाई केली नसेल तर आता. खरं तर उशीरच झालाय. पुष्कळ ठिकाणी घरी सोडण्याआधीच आम्ही पेशंटला जिन्याचा एक टप्पा चढवून बघतो. डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद आहे का पाहा आणि सर्जनला एक फोन करून सुरुवात करा.

पहिल्याच दिवशी तिन्ही मजले उतरवू नका. उतरायला सोपं वाटतं, दम लागतो तो परत चढताना. अर्धा जिना उतरायचा, वळणावर प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असू द्या, तिथे बसायचं आणि वर यायचं. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. पाय वर टाकताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. चढताना भावाने मागे राहावं, उतरताना पुढे. दोन-तीन दिवस हे सहज जमलं की एक टप्पा वाढवा.

कठडा तोल सांभाळण्यापुरता धरायचा, हाताने अंग वर ओढायचं नाही. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण मजबुती यायला साधारण तीन महिने. घरोघरी मला एकच चूक दिसते: बाबांना उठवताना दोन्ही हात धरून ओढतात. तसं करू नका. त्यांना कुशीवर वळू द्या, पाय पलंगाखाली सोडू द्या, तुम्ही पाठीला आधार द्या. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. आणि नळ आल्यावर त्यांना भरलेली बादली उचलू देऊ नका. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, सध्या दोन-तीन किलोच्या वर काही नको. संडासात बसून उठताना हातांवर जोर येतो, म्हणून काही आठवडे कमोडची खुर्ची आणा. कुंथावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करा.

पूर्वी हार्ट अटॅकच्या पेशंटला कित्येक आठवडे अंथरुणात पडून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा पेशंटना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि ते निभावून जातात हे दाखवलं, तेव्हापासून ही समजूत मोडत आली. नुसतं पडून राहिलं तर स्नायू झडतात, फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. छातीच्या हाडात टकटक जाणवली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर मात्र जिना बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

वय ४७, राहणार मुलुंड. अटॅक आला, दोन स्टेंट टाकले. महिना झाला, डॉक्टर म्हणाले कामावर जा. ब्लॉक निघाला म्हटल्यावर रिहॅब कशाला? आणि लोकलचं काय?

स्टेंटने, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीने, त्या दोन जागा मोकळ्या झाल्या. ज्या कारणांनी त्या बंद झाल्या ती सिगारेट, साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, बैठं काम अजून तिथेच आहेत, आणि बाकीच्या रक्तवाहिन्याही तुमच्याच आहेत. २०१६ साली ६३ चाचण्यांमधल्या १४ हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र पडताळली गेली. व्यायामावर आधारलेलं रिहॅब केलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा हॉस्पिटलात भरती होणं, दोन्ही कमी आढळलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने एक दिवसही बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला विचारा.

लोकलमध्ये खरा ताण डब्यात उभं राहण्याचा नसतो, पाठीवर बॅग घेऊन पूल धावत चढण्याचा असतो. रविवारी दुपारी रिकाम्या हाताने मुलुंड स्टेशनचा पूल चढून-उतरून बघा. छातीत जड न वाटता, बोलता येण्याइतकाच दम लागला, तर पुढच्या वेळी बॅग घेऊन. ऑफिसात साहेबांना सांगून पहिले काही आठवडे गर्दीची वेळ टाळा, आणि सुटणारी गाडी पकडायला धावणं कायमचं सोडा.

मी दहिसरची, वय ५८, मधुमेह आहे, सहा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मुलाने स्मार्टवॉच दिलंय. वयानुसार नाडी १२०-१३० हवी असं वाचलं, माझी कितीही चालले तरी ९५च्या वर जात नाही. आणि दिवसभर घरकाम करते, तो व्यायाम धरायचा का?

तुम्ही पाठवलेल्या गोळ्यांच्या यादीत मेटोप्रोलोल दिसतंय. ती गोळी नाडी मुद्दाम खाली ठेवते, त्यामुळे वयाच्या हिशेबाने काढलेला आकडा तुम्हाला लागूच होत नाही. तो गाठायला जोर लावू नका. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग तुमचा. नेमका आकडा हवा असेल तर स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालू ठेवूनच करायला सांगा. याच गोळीमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड दबते, घाम मात्र येतो. म्हणून पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि उपाशीपोटी चालायला जाऊ नका.

घरकामाने दमायला होतं हे मी नाकारत नाही. पण ते तुकड्यातुकड्यांत होतं, सलग अर्धा तास दम लागलेला राहत नाही. हृदयाला तो सलग वेळ लागतो. पहिली पाच-सात मिनिटं हळू, मग वेग, शेवटी पुन्हा हळू. एकदम थांबलात तर प्रेशर उतरून चक्कर येऊ शकते. बायका रिहॅबला कमी येतात, आणि कारण बहुतेकदा 'घरचं कोण बघणार' हेच असतं. मुलाने घड्याळ दिलं, आता तो अर्धा तासही द्यावा. हे त्याला वाचून दाखवा.

योगासनं केली तर चालतील ना? (विक्रोळी)

चालतील. भारतातल्या २४ केंद्रांत सुमारे चार हजार पेशंटवर योगावर आधारलेल्या रिहॅबची मोठी चाचणी झाली. लोकांना बरं वाटू लागलं, ते पूर्वीच्या कामाला लवकर लागले. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाले असं मात्र सिद्ध झालं नाही. त्यामुळे योगासोबत चालणं ठेवाच. बायपासनंतर पहिले तीन महिने कपालभाती आणि हातांवर भार येणारी आसनं नकोत. श्वास रोखून धरणारे प्रकार नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

शरीरसंबंध कधी? विचारायला संकोच वाटतो. (नाव, गाव दिलेलं नाही)

दोन मजले भरभर चढून छातीत दुखलं नाही, फार दम लागला नाही, तर बहुतेकांना हरकत नसते. बायपास असेल तर छातीवर आणि हातांवर भार नको. सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती) किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेणं जिवावर बेतू शकतं. ती मित्राकडून घेऊ नका.

लालबागहून लिहिते. मिस्टर ५२ वर्षांचे, अटॅकला दोन महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, पण दिवसभर टीव्हीसमोर बसतात, चिडतात, रात्री उठून नाडी बघतात. बाहेर चला म्हटलं की सॉर्बिट्रेट मुठीत घेतात.

ताई, याला आळस किंवा नाटक समजू नका. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, मिस्टर सांगणार नाहीत.

केईएम तुमच्या जवळच आहे. डिस्चार्ज कार्ड, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गोळ्यांची यादी घेऊन फिजिओथेरपीच्या ओपीडीत जा. सहा मिनिटांत किती चालता येतं ही साधी चाचणी असते, सोबत नाडी-प्रेशर बघतात. आपल्याला काही न होता इतकं चालता आलं, हे कोणी समोर उभं राहून दाखवल्यावर भीती पुष्कळ उतरते. मानसोपचाराची ओपीडीही तिथेच आहे.

गोळी मुठीत नको, खिशात असू द्या. चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम असं काही झालं तर बसायचं, डॉक्टरांनी दिली असेल तर एक सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. हे दोघांनी एकदा बसून बोलून ठेवा, मग गल्लीच्या टोकापर्यंत सोबत जा.